भट्टीपुरतं बदललेलं मत

कारखान्याच्या चिमणीतला कार्बन डायऑक्साइड पकडायचा, दाबून त्याचा द्रव करायचा आणि जमिनीच्या पोटात कायमचा पुरायचा, या तंत्राविरुद्ध मी बरीच वर्षं लिहीत आणि बोलत आले. वाचनालयांच्या व्याख्यानमाला, महाविद्यालयांची निसर्ग मंडळं, दिवाळी अंक, जिथे संधी मिळेल तिथे. माझं म्हणणं असं असे की ही तेल आणि कोळसा कंपन्यांनी स्वतःसाठी मागून घेतलेली मुदतवाढ आहे. तंत्र आता येतंच आहे म्हणायचं आणि तोवर धंदा चालू ठेवायचा. या वाक्याला टाळ्या हमखास मिळत. टाळ्या मिळवून देणारं मत बदलणं जड जातं, हेही इथेच सांगून टाकते.

हल्ली मी म्हणते की सिमेंटच्या भट्टीला हे तंत्र लागणार आहे, सरकारने त्यात पैसा घालावा आणि फार वेळ काढू नये. असं म्हणायला लागल्यापासून चळवळीतले जुने मित्र माझ्याशी जरा जपून बोलतात. "कुठल्या कंपनीने सल्लागार म्हणून घेतलं की काय तुला?" असं एकाने निम्म्या चेष्टेत विचारलंही. कोणी घेतलेलं नाही. मत कसं बदललं आणि कुठवर बदललं, ते एकदा नीट मांडावं म्हणून हे मनोगत.

आधी जुन्या मताची बाजू घेते, कारण ते मी टाकून दिलेलं नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात केंपर नावाचा वीज प्रकल्प उभा राहिला. कोळशाचा वायू करायचा, त्यातला कार्बन जाळण्याआधीच काढून घ्यायचा, असा बेत होता. साडेसात अब्ज डॉलर खर्च झाल्यावर 2017 मध्ये कोळशाचा नाद सोडला आणि प्रकल्प साध्या नैसर्गिक वायूवर चालवायचं ठरलं. चार वर्षांनी तिथली कोळशाचा वायू करणारी यंत्रणा सुरुंग लावून पाडली. टेक्सासमधला पेट्रा नोव्हा प्रकल्प 2017 ला सुरू झाला आणि 2020 मध्ये तेलाचे भाव कोसळल्यावर बंद पडला. पुन्हा सुरू व्हायला तीन वर्षं गेली. हवा स्वच्छ करणाऱ्या यंत्राचा तेलाच्या भावाशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. संबंध असा की पकडलेला वायू जुन्या तेलविहिरीत सोडून तळाशी चिकटलेलं तेल वर ढकलायचं आणि ते विकून खर्च भागवायचा. आजवर जगात पकडलेल्या कार्बनपैकी मोठा हिस्सा या कामाला गेला आहे. ऑस्ट्रेलियात बॅरो बेटावरच्या गॉर्गन प्रकल्पाने भूगर्भवायूसोबत वर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी 80 टक्के परत पुरण्याचं वचन दिलं होतं. पुरायला सुरुवातच 2019 मध्ये, उशिरा झाली आणि वचन आजतागायत पुरं झालेलं नाही.

या यादीत नॉर्वेसुद्धा आहे. 2007 च्या नववर्षाच्या भाषणात पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी मोंगस्टॅड इथल्या कार्बन-पकड प्रकल्पाला "आपलं चंद्रावर उतरणं" म्हटलं होतं. 2013 मध्ये तो मोठा बेत गुंडाळला गेला. व्याख्यानात हा किस्सा मी रंगवून सांगायचे.

वीजनिर्मितीबद्दल माझं मत आजही तेच आहे. विजेला सूर्य आहे, वारा आहे, धरणं आहेत, बॅटऱ्या आहेत. पर्याय हाताशी असताना कोळशाच्या चिमणीला लाखो-कोटींचं गाळणं बसवायचं, त्या गाळण्यासाठीच त्या केंद्रातली बरीच ऊर्जा खर्च करायची, हा उद्योग मला पटत नाही.

सिमेंटपाशी मात्र माझा हिशोब अडला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट पट्ट्यावर लेख लिहीत होते. गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस. चुनखडीच्या खाणी आणि त्यांच्या अंगाला लागून उभे कारखाने. हे कारखाने स्वच्छ ऊर्जेवर नेले तर किती प्रदूषण वाचेल, असा आकडा मला लेखाच्या शेवटी हवा होता. वीज सौर धरली. भट्टीतला कोळसाही काढून टाकला. त्या जागी हिरवा हायड्रोजन, शेतातला पालापाचोळा, काय वाटेल ते धरलं. तरी निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड जागच्या जागी उरला. आकडेमोड चुकली असेल म्हणून पुन्हा केली. चुकली नव्हती.

शाळेत आपण सगळ्यांनी चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली आहे. निवळी दुधाळ होते, कारण श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी जुळून त्याची पुन्हा चुनखडी बनते. सिमेंटच्या भट्टीत याच्या नेमकं उलट घडतं. चुनखडी तापवली की तिच्यात कोट्यवधी वर्षं बांधलेला कार्बन डायऑक्साइड सुटा होतो आणि मागे चुना राहतो. हा चुना माती आणि लोहखनिजासोबत सुमारे 1,450 अंशांपर्यंत तापवला की क्लिंकर तयार होतो, आणि क्लिंकर दळला की सिमेंट. 100 किलो शुद्ध चुनखडीतून 44 किलो वायू निघतो. भट्टी कशावरही तापवा, हे 44 किलो निघणारच, कारण ते इंधनातून येत नाहीत, दगडातून येतात. सिमेंट कारखान्याच्या एकूण उत्सर्जनात या दगडातल्या वायूचा वाटा ढोबळमानाने 60 टक्के. आणि जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात ते आठ टक्के.

रसायनशास्त्र मला नवं नव्हतं. पण इतकी वर्षं "कोळसा बंद करा" हे उत्तर इतकं सवयीचं झालं होतं की कोळसा बंद केल्यावरही धूर राहील अशी जागा असू शकते, याकडे लक्षच गेलं नव्हतं.

त्यानंतर मी जे केलं ते कुणीही केलं असतं: पळवाटा शोधल्या. पहिली, सिमेंटमध्ये क्लिंकर कमी घालणं. आपल्याकडे हे आधीपासून होतं. गोणीवर पीपीसी लिहिलेलं असतं त्यात 35 टक्क्यांपर्यंत औष्णिक केंद्राची राख असते, स्लॅग सिमेंटमध्ये पोलादाच्या झोतभट्टीची मळी. या बाबतीत भारत अनेक श्रीमंत देशांच्या पुढे आहे. पण राख कोळशाच्या केंद्रातून येते आणि मळी कोळशावरच्या झोतभट्टीतून. ती केंद्रं बंद करा म्हणून मी घोषणा देणार आणि त्यांच्या राखेवर सिमेंट सुधारणार, हे फार दिवस जमणारं नव्हतं. त्याहून चांगला मार्ग भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळण्याचा. या एलसी-थ्री सिमेंटवर स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्या दिल्ली व मद्रासच्या आयआयटींनी मिळून काम केलं, आणि 2023 मध्ये त्याला भारतीय मानक मिळालं. कार्बन 40 टक्क्यांपर्यंत कमी होतो. हे आजच, सगळीकडे व्हायला हवं. तरीही त्यात निम्मा क्लिंकर राहतोच.

दुसरी पळवाट म्हणजे सिमेंटच कमी वापरणं. हे मला मनापासून आवडतं. वास्तुविशारद लॉरी बेकरांची कमी सिमेंटची घरं पाहिलेल्या कुणालाही आवडेल. पण भारतात माणशी सिमेंटचा खप जगाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास आहे. गावात "यंदा स्लॅब पडला" हे वाक्य किती अभिमानाने उच्चारलं जातं ते आपल्याला माहीत आहे. स्वतः तिसऱ्या मजल्यावरच्या सिमेंटच्या घरात बसून पत्र्याखाली राहणाऱ्या बाईला मातीच्या भिंतींचे फायदे समजावून सांगायला मला लाज वाटते. मुंबईत रिकाम्या राहणाऱ्या टोलेजंग टॉवरांचं सिमेंट वाचवा, त्याला माझा आनंदाने पाठिंबा. तेवढ्याने हिशोब मिटत नाही.

मग पुन्हा नॉर्वे. ज्या देशाची मी व्याख्यानात टिंगल करायचे, त्याच देशात ऑस्लोच्या नैर्ऋत्येला ब्रेविक नावाच्या गावी एक जुना सिमेंट कारखाना आहे. हायडेलबर्ग मटेरियल्स कंपनीच्या या कारखान्यात जून 2025 मध्ये कार्बन पकडणारी यंत्रणा रीतसर सुरू झाली. सिमेंट कारखान्यात एवढ्या मोठ्या प्रमाणावर असं जगात प्रथमच झालं. वर्षाला चार लाख टन, म्हणजे कारखान्याच्या उत्सर्जनाच्या निम्मं.

यातलं निम्मं हे प्रमाण मला महत्त्वाचं वाटलं. भट्टीचा धूर थंड करून एका उंच मनोऱ्यातून वर सोडतात. वरून अमाइन नावाच्या रसायनाचं द्रावण झिरपतं आणि ते कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. हे द्रावण मग 120 अंशांच्या आसपास तापवलं की वायू सुटतो आणि अमाइन पुन्हा कामाला लागतं. रसायन जुनं आहे. अमाइनने वायू धुण्याचं पेटंट 1930 मधलं. सगळी गोम तापवण्यात आहे. त्यासाठी वेगळं इंधन जाळलं तर एक धूर पकडायला दुसरा धूर काढल्यासारखं होतं. ब्रेविकमध्ये भट्टीचीच वाया जाणारी उष्णता वापरतात आणि ती जेवढ्याला पुरते तेवढाच वायू पकडतात. निम्मं का, तर उष्णता निम्म्यालाच पुरते. कंपन्यांच्या जाहिरातीत नव्वद टक्के वाचून वाचून मी विटले होते. इथे आपली मर्यादा सांगणारा आकडा होता, आणि त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटला.

पकडलेला वायू उणे 26 अंशांच्या आसपास, दाबाखाली द्रव करून जहाजात भरतात. जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने बर्गनजवळच्या ओयगार्डनला जातं. तिथून 100 किलोमीटरची नळवाट समुद्रतळावरून जाते आणि तळाच्या 2,600 मीटर खाली सच्छिद्र वालुकाश्मात वायू सोडला जातो. ऑगस्ट 2025 मध्ये पहिला वायू खाली गेला. ही साठवण इक्विनॉर, शेल आणि टोटल एनर्जीज या तीन तेल कंपन्या चालवतात. होय, तेल कंपन्याच. समुद्राखाली अडीच किलोमीटर भोक पाडायचं कसब मुख्यतः त्यांच्याकडेच आहे. हे मला आवडत नाही, पण आहे हे असं आहे.

टिकतं का खाली? नॉर्वेच्याच स्लाइपनर क्षेत्रात 1996 पासून हा वायू पुरला जातो आहे. तिथल्या भूगर्भवायूत सुमारे नऊ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तो काढल्याशिवाय वायू विकता येत नाही. काढलेला हवेत सोडता आला असता. पण 1991 मध्ये नॉर्वेने समुद्रातल्या उत्सर्जनावर कर बसवला आणि सोडण्यापेक्षा पुरणं स्वस्त पडू लागलं. ध्वनिलहरींनी वारंवार केलेल्या पाहणीत त्या वायूचा पसारा खडकाच्या टोपीखाली थांबलेला दिसतो. सगळीकडे असं सरळ झालेलं नाही. स्नोह्विट इथे खडकात ठरल्यापेक्षा लवकर दाब वाढला आणि 2011 मध्ये दुसऱ्या थरात सोडणं भाग पडलं. म्हणजे प्रत्येक जागेचा खडक आधी नीट तपासायला हवा. तपासला तर काम होतं, असं मी आता मानते.

भीतीचं काय, असं श्रोते नेहमी विचारतात, आणि ती भीती मीच पसरवलेली आहे. कॅमेरूनमध्ये न्योस तलावातून 1986 मध्ये रात्री कार्बन डायऑक्साइडचा लोट बाहेर पडला आणि सुमारे 1,700 माणसं गुदमरून मेली. ही नैसर्गिक घटना. 2020 मध्ये मिसिसिपीतल्या सटार्शिया गावाजवळ या वायूची नळवाट फुटली, तेव्हा गाड्यांची इंजिनं प्राणवायूअभावी बंद पडली आणि पंचेचाळीस जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. हा माणसाचा हलगर्जीपणा. दोन्ही गोष्टी मी अजून सांगते. मात्र दोन्ही ठिकाणी धोका वायू जमिनीजवळ, माणसांच्या वस्तीत असताना झाला. खोल खडकात पुरलेल्या साठ्यातून तो निसटला नव्हता. लढायचं असेल तर नळवाटेच्या मार्गावर, तिच्या देखभालीवर आणि गावाला मिळणाऱ्या इशाऱ्यावर लढावं.

आता महाराष्ट्राचा प्रश्न, कारण चंद्रपूरचा वायू नॉर्वेच्या समुद्रात जाणार नाही. आइसलंडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पात हा वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्ट खडकात सोडतात. बेसॉल्टमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याच्याशी जुळतं आणि दोन वर्षांच्या आत बहुतेक वायूचा दगड होतो, असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. सह्याद्री, वेरूळ, रायगड, सगळं तेच. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा त्यावरच बसले आहेत, आणि चंद्रपूरच्या चुनखडीतून यवतमाळकडे सरकलं की तो फार दूर नाही. ही बातमी वाचून मी काही दिवस हवेत होते. मग पुढचं वाचलं. एक टन वायू विरघळवायला सुमारे 25 टन पाणी लागतं. समुद्राच्या पाण्यावर प्रयोग चालू आहेत, पण यवतमाळला समुद्र नाही, टँकर आहेत. शिवाय कोयना आहे. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप अनुभवलेली माणसं अजून आहेत, आणि धरणातल्या पाण्याच्या भाराशी तिथल्या धक्क्यांचा संबंध भूशास्त्रज्ञ मानतात. त्याच परिसरात कराडच्या केंद्रीय प्रयोगशाळेने 3 किलोमीटर खोल भोक घेऊन खडक तपासला आहे. आयआयटी मुंबईत कार्बन पकडण्यावर राष्ट्रीय केंद्र आहे. म्हणजे माणसं आहेत, ज्ञान जमतं आहे. दख्खनच्या पाषाणात वायू पुरता येईल असं आज छातीठोक सांगणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नका.

पोलादाबद्दल थोडक्यात. तिथे दुसरी वाट आहे. स्वीडनमध्ये 2021 मध्ये कोळशाऐवजी हायड्रोजनने खनिजातून लोखंड काढून दाखवलं. जमशेदपूरला टाटा स्टीलने त्याच वर्षी झोतभट्टीच्या वायूतून दिवसाला पाच टन कार्बन डायऑक्साइड पकडणारी छोटी यंत्रणा बसवली. ब्रेविक दिवसाला हजार टनांच्या वर पकडतं. आपल्या झोतभट्ट्या तरुण आहेत आणि लवकर बंद होणार नाहीत, त्यामुळे तिथे हा वाद वर्षानुवर्षं चालेल. माझं मत अजून पक्कं नाही, आणि पक्कं नसलेलं मत मी विकणार नाही.

पैशाचं मात्र टाळता येत नाही. समजा, पकडणं, वाहून नेणं आणि पुरणं मिळून टनाला 8,000 रुपये धरले. राख मिसळलेल्या सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीमागे साधारण 30 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. सगळा पकडला तर गोणीमागे 240 रुपये वाढतात. साडेतीनशे-चारशेच्या गोणीवर 240! समुद्री सेतूच्या किंवा मेट्रोच्या एकूण खर्चात सिमेंटचा हिस्सा लहान असतो, तिथे ही वाढ पचते. घरकुल बांधणाऱ्याला पचणार नाही. नॉर्वेत या सगळ्या योजनेचा सुमारे दोन तृतीयांश भार सरकारने उचलला. आपल्याकडे सिमेंटचं मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे. सरकारी पूल, महामार्ग, बोगदे यांच्या निविदांमध्ये कमी कार्बनच्या सिमेंटचा ठरावीक वाटा सक्तीचा केला तर भाववाढ तिथे बसेल, गरिबाच्या गोणीवर नाही.

मित्रांचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला मान्य आहे. ते म्हणतात, "तू सिमेंटसाठी दार उघडशील, पण आत कोळसा घुसेल." घुसेलच. पाच कारखान्यांसाठी काढलेल्या अनुदानाच्या रांगेत औष्णिक केंद्रं सगळ्यांत पुढे उभी राहतील, कारण त्यांची ओळख मोठी. म्हणून माझा पाठिंबा सरसकट नाही. सार्वजनिक पैसा फक्त तिथे, जिथे वायू दगडातून येतो. विजेच्या चिमणीला एक रुपयाही नको. पकडलेल्या वायूने तेल काढायचं असेल तर त्याला हवामानाचं काम म्हणू नये. पुरलेल्या वायूची मोजणी कंपनीने स्वतः करू नये. या अटींवर लढायला मी मित्रांच्या शेजारीच उभी राहीन. तंत्रच नको, या घोषणेत आता माझा आवाज नसेल.

देशात नव्या भट्ट्या दरवर्षी उभ्या राहत आहेत. एकदा बांधलेली भट्टी तीस-चाळीस वर्षं चालते, म्हणजे आजची भट्टी 2060 च्या आसपास चालू असेल. आणि 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हा भारताचा शब्द आहे. नव्या कारखान्याला किंवा खाणीला परवानगी देण्याआधी जनसुनावणी होते आणि प्रकल्प अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. धूळ, बोअरचं पाणी, ट्रकांची वर्दळ आणि स्थानिकांच्या नोकऱ्या, हे प्रश्न लोक विचारतातच. पुढच्या सुनावणीला गेलात तर त्यांच्या जोडीला आणखी एक विचारा: दगडातून निघणारा वायू किती, तो पकडायची यंत्रणा बसवायला आराखड्यात जागा ठेवली आहे का, आणि भट्टीची वाया जाणारी उष्णता कुठे जाणार आहे? उत्तर लेखी मागा, आणि ते इतिवृत्तात आल्याशिवाय सही करू नका.